ज्युनिअर आइस हॉकी: १४ ते १८ वर्षांच्या मुलांची पारख नेमकी कशी करतात?

निळी_रेषा

कॅनडात ब्रॅम्प्टन, सरे, कॅल्गरी, एडमंटन इकडे आपल्या लोकांची मुलं आता बरीच हॉकीत दिसतात. रिंकवर पालकांच्या गप्पांत 'आज स्काउट आला होता म्हणे' हे वाक्य हमखास कानावर पडतं. पण तो स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस, बघतो काय, लिहितो काय, याबद्दल मराठीत नीट काही वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी चौकट. कॅनेडियन हॉकी लीग, म्हणजे सीएचएल, ही तीन लीगची मिळून आहे: ओंटारिओची ओएचएल, पश्चिमेची डब्ल्यूएचएल आणि क्वेबेककडची क्यूएमजेएचएल. खेळाडू साधारण १६ ते २० वर्षांचे. डब्ल्यूएचएलच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडणं) त्या वर्षी १५ पूर्ण करणारी मुलं निवडतात, म्हणजे बघितलेला हंगाम त्यांच्या चौदाव्या वर्षातला. ओएचएल एक वर्ष थांबते. त्यानंतरचा दरवाजा एनएचएल, म्हणजे मोठ्यांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टचा: ३२ संघ, ७ फेर्‍या, २२४ निवडी. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण झालेली असली की मुलगा पात्र.

दोन्ही दरवाजांवर प्रश्न वेगळे असतात. चौदाव्या वर्षी विचारायचं, याचं शरीर अजून किती वाढायचंय आणि वाढल्यावर यातलं काय टिकेल. सतराव्या वर्षी विचारायचं, हा तेविसाव्या वर्षी मोठ्यांच्या संघात कुठल्या जागी खेळेल. पहिल्या ओळीत (तीन फॉरवर्डची), तिसर्‍या जोडीत (दोन बचावपटूंची), की कुठेच नाही?

माझ्या मते स्काउटचं निम्मं काम वजाबाकीचं आहे. वय, उंची-वजन, सोबतचे खेळाडू, मिळालेला वेळ हे सगळं वजा केल्यावर त्या मुलाचं स्वतःचं काय उरतं, ते शोधायचं. ही वजाबाकी प्रत्यक्ष कशी करायची, यावर चर्चा व्हावी.

पाटीपेन्सिल

उत्तम विषय. वजाबाकीची सुरुवात जन्मतारखेपासून.

कॅनडात वयोगट १ जानेवारीला बदलतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. एकाला मिसरूड फुटलेली, दुसरा अजून बाळसेदार. रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्येच दाखवून दिलं होतं की वरच्या स्तरावरच्या कॅनेडियन खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खूपच जास्त आहेत.

त्याहून महत्त्वाचा अभ्यास २०१३ चा. १९८० ते २००६ चे एनएचएल ड्राफ्ट तपासल्यावर असं निघालं की जुलै ते डिसेंबर जन्मलेली मुलं त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने ४० पेक्षा जास्त जागा उशिरा निवडली गेली होती. आणि ४०० सामने किंवा २०० गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) असे टप्पे गाठण्याचं त्यांचं प्रमाण जानेवारी ते मार्चवाल्यांच्या जवळपास दुप्पट होतं. हे सगळं पूर्णवेळ पगारी स्काउट असलेल्या संघांच्या हातून झालंय, हे ध्यानात घ्या.

म्हणून संघाची यादी हातात आली की प्रत्येक नावापुढे आधी जन्ममहिना लिहायचा. उंची नंतर.

बॉडी चेकिंगचाही इथे संबंध येतो. हॉकी कॅनडाने २०१३ पासून १३ वर्षांखालच्या गटात ते बंद केलं, त्यामुळे धडकेचा खेळ सुरू होतो तेराव्या वर्षी. डब्ल्यूएचएलचे स्काउट चौदा वर्षांच्या ज्या मुलाला बघतात, तो धडकेच्या दुसर्‍याच हंगामात असतो. लवकर वाढलेला मुलगा तिथे नुसत्या वजनावर पक (खेळातली रबरी चकती) जिंकतो. दोन वर्षांनी सगळे त्याच्याएवढे झाले की ते बळ उरत नाही, आणि शरीराचा कोन, स्टिकची जागा, वेळ साधणं हे त्याला कधी शिकावंच लागलेलं नसतं.

मिसिसागाकर

@पाटीपेन्सिल, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेल्याला शेवटी तोटा की फायदा? एनएचएलची तारीख सप्टेंबरची आहे ना?

पाटीपेन्सिल

लहानपणी तोटा, एनएचएल ड्राफ्टला उलटं. १६ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमधला मुलगा पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये जातो, म्हणून त्याच्या गाठी ज्युनिअरचा एक हंगाम जास्त असतो. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला, २०१६ मध्ये पहिला निवडला गेला. गॅव्हिन मॅकेना २० डिसेंबर २००७ चा. २०२४-२५ मध्ये त्याने डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट संघाकडून ५६ सामन्यांत १२९ गुण केले, तरी ड्राफ्टची पात्रता २०२६ चीच. त्यामुळे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांचे गुण शेजारी मांडताना वर्ष बघून भागत नाही, महिने मोजावे लागतात. मे महिन्यातला मुलगा आणि आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातला मुलगा यांच्यात सात महिने आणि एक पूर्ण हंगाम असतो.

तिसरी_जोडी

रिंकवर बसून काय बघायचं, त्यावर सविस्तर लिहितो.

वॉर्म-अपच्या आधी पोचा. संघाच्या छापील यादीत जर्सीचे नंबर चुकलेले असतात, हे वारंवार घडतं. वॉर्म-अपमध्ये नंबर, कुठल्या हाताची स्टिक आणि ओळी कशा लावल्यात ते ताडून घ्या. पेन्सिल न्या, थंड रिंकमध्ये बॉलपेन मध्येच लिहायचं बंद होतं. एका पीरियडमध्ये फार तर दोन खेळाडू धरा. बारा जणांवर नजर ठेवायला गेलात की पक बघत बसता, आणि पक बघणारा प्रेक्षक असतो.

जागा कोपर्‍यात, वरच्या बाजूला. बचावपटू आणि येणारा फॉरवर्ड यांच्यातलं अंतर तिथून कळतं. मधल्या रेषेवरून ते चपटं दिसतं.

स्केटिंगमध्ये नुसता वेग बघू नका. गुडघा किती वाकतो, घोटा पुढे झुकतो का, मागे ढकललेला पाय परत शरीराखाली येतो की बाहेरून फिरत येतो, थांबल्यावरची पहिली तीन पावलं कशी पडतात, डावीकडचे आणि उजवीकडचे क्रॉसओव्हर (एक पाय दुसर्‍यावरून टाकत वळणं) सारखे आहेत का. खूप मुलांची एक बाजू कच्ची असते, आणि हुशार प्रतिस्पर्धी त्यांना त्याच बाजूला ढकलतो. उभ्या पाठीने स्केट करणारा पंधरा वर्षांचा मुलगा सरळ रेषेत झपाट्याने जातो, पण धक्का बसला की लगेच पडतो.

बचावपटू ओळखायला मी एकच प्रसंग सगळ्यात जास्त बघतो: समोरच्या संघाने पक मागच्या कोपर्‍यात टाकलाय आणि हा तो आणायला मागे वळलाय.

चांगला मुलगा काय करतो? पक सुटल्यावर वळतानाच एकदा खांद्यावरून मागे बघतो, पाठलागाला किती जण आहेत. पकपाशी पोचण्याआधी, साधारण गोलरेषेच्या अलीकडे, पुन्हा बघतो, आता ते कुठल्या बाजूने येतायत. मग खांदे एका बाजूला झुकवतो, पाठलाग करणारा तिकडे कलतो, आणि हा पक आणि त्याच्यामध्ये स्वतःची पाठ ठेवून दुसर्‍या बाजूने निघतो. डोकं वर. खाली मदतीला आलेल्या सेंटरच्या (मधल्या फॉरवर्डच्या) स्टिकवर सपाट पास. सगळं मिळून तीन-चार सेकंद.

कच्चा मुलगा फक्त पक बघत सरळ जातो, काचेकडे तोंड करून थांबतो, धडक खातो किंवा धडकेच्या भीतीने पक बोर्डावरून गोल फिरवून देतो. स्कोअरशीटवर यात काहीच चूक दिसत नाही. पण तो पक विंगरकडे (कडेच्या फॉरवर्डकडे) उड्या मारत येतो, त्याच क्षणी समोरचा बचावपटू त्याच्यावर चाल करून आलेला असतो, आणि दहातल्या सहा-सात वेळा ताबा जातो. दोष विंगरच्या माथी.

एका सामन्यात असे आठ-दहा प्रसंग सहज मिळतात. तीन रकाने करा: ताबा ठेवून बाहेर काढला, नुसता बाहेर फेकला, गमावला. दहापैकी किती, हे लिहा. 'बचाव चांगला' असं लिहिलेला रिपोर्ट कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

फॉरवर्डसाठी तसंच निळ्या रेषेवर, म्हणजे समोरच्या संघाच्या हद्दीत शिरतानाच्या रेषेवर. पक घेऊन आत शिरला, आत टाकून मागे पळाला, की रेषेवर गमावला? ताबा ठेवून आत शिरल्यावर मिळणारे शॉट पक टाकून शिरण्याच्या दुपटीहून जास्त असतात, हे एरिक टल्स्की यांच्या कामातून पुढे आलं. तेच टल्स्की २०२४ मध्ये कॅरोलायना हरिकेन्सचे जनरल मॅनेजर झाले. मात्र ज्युनिअरमध्ये काही प्रशिक्षक तिसर्‍या-चौथ्या ओळीला पक आत टाकायचाच हुकूम देतात. मुलगा सारखा टाकत असेल तर आधी त्याच्या ओळीतले बाकीचे दोघं काय करतायत ते बघा, मग ठपका ठेवा.

एकाच सामन्यावर मत बनवू नये. निदान एक घरचा, एक बाहेरचा, एक तगड्या संघाविरुद्ध आणि एक सलग दोन रात्रींतला दुसरा सामना बघावा. दुसर्‍या रात्री पाय जड झालेले असतात. तेव्हा तो कुठली वाट सोडून देतो, ते कळतं.

स्वरा_आर

जबरदस्त प्रतिसाद! फॉरवर्डची मान वळते का, हेही त्यात घाला. पक यायच्या आधी एकदा खांद्यावरून बघणारा मुलगा पक मिळाल्यावर घाईत दिसत नाही. लोक त्याला 'शांत डोक्याचा' म्हणतात, प्रत्यक्षात त्याने उत्तर आधीच शोधून ठेवलेलं असतं.

गणिती_गोल

तिसरी_जोडी यांच्याशी सहमत, पण सहाशे सामने कुणी बसून बघू शकत नाही. कुणाला बघायला जायचं हे आकड्यांनीच ठरवावं लागतं. तिथेही वजाबाकी आहेच.

हॉकीत एका गोलवर दोनपर्यंत असिस्ट (गोलआधीच्या पासचं श्रेय) देतात, आणि दुसर्‍या असिस्टमध्ये योगायोगाचा वाटा मोठा असतो. पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचे) गुण बर्‍याच अंशी पहिल्या युनिटमध्ये जागा मिळाली म्हणून येतात. समजा एकाचे ८० गुण आहेत. त्यातले ३२ पॉवर प्लेचे, उरलेल्या ४८ पैकी १६ दुसरे असिस्ट. हाती राहिले ३२. दुसर्‍याचे ६० गुण, १४ पॉवर प्लेचे, ८ दुसरे असिस्ट. हाती राहिले ३८. यादीत वीस गुणांनी मागे असलेला दुसरा मुलगा बरोबरीच्या खेळात (दोन्हीकडे सारखे खेळाडू असताना) पुढे निघाला. आता त्यात वय आणि मिळालेला वेळ धरा. ज्युनिअर लीगच्या सार्वजनिक स्कोअरशीटवर आइस टाइम सहसा नसतो, म्हणून व्हिडिओवरून शिफ्ट (बर्फावर उतरण्याच्या पाळ्या) मोजाव्या लागतात. शिफ्ट ४० ते ४५ सेकंदांची धरून अंदाज जमतो.

सोबतच्या खेळाडूंचं उदाहरण द्यायचं तर ओएचएलमधले २०१५-१६ चे लंडन नाइट्स. एकाच ओळीत क्रिश्चन ड्वोरॅक १२१ गुण, मिच मार्नर ११६, मॅथ्यू कचक १०७. कचकचे गुण बाकीच्या दोघांमुळे आहेत का, ही शंका तेव्हा बर्‍याच जणांनी घेतली. पण ड्वोरॅक फेब्रुवारी १९९६ चा, कचक डिसेंबर १९९७ चा. जवळपास दोन वर्षांचा फरक. गुणांत तिसरा असलेला हा मुलगा ड्राफ्टमध्ये सहावा गेला आणि पुढे एनएचएलमध्ये ड्वोरॅकच्या कितीतरी पुढे निघून गेला. सोबत्यांची वजाबाकी करताना वयाची बेरीज विसरली की असं हुकतं.

निळी_रेषा

@गणिती_गोल, व्हिडिओवरून शिफ्ट मोजणं ठीक, पण व्हिडिओवर निवाडा करू नये असं ठामपणे वाटतं. प्रक्षेपणाचा कॅमेरा पकच्या मागे फिरतो. दूरच्या बाजूचा विंगर परत येतोय की तरंगतोय, हे चौकटीच्या बाहेर राहतं. स्वरा_आर म्हणतात ती मान वळवण्याची सवय तर पक येण्याआधीची, म्हणजे बहुतेक वेळा कॅमेर्‍यात नसलेली. चुकीनंतर बेंचवर मुलगा कसा बसतो, हेही नाही.

गणिती_गोल

मान्य. उलट बाजूही सांगतो. रिंकवर एकदाच दिसलेला झकास गोल महिनाभर डोक्यात राहतो आणि बाकीच्या वीस शिफ्ट पुसल्या जातात. एका खेळाडूच्या सगळ्या शिफ्ट कापून सलग दाखवणारी सेवा आता संघांकडे असते. आधी रिंक, मत कागदावर, मग व्हिडिओ, हा क्रम ठेवावा. व्हिडिओ आधी बघून गेलात की रिंकवर तेच दिसतं जे शोधायला गेला होता.

हॅमिल्टनचा_बाळ्या

सगळं खरं, पण शेवटी उंचीच बघतात हो. पाच फूट नऊ इंचाच्या पोराला कोण घेतंय?

तिसरी_जोडी

बाळ्याभाऊ, बघतात, आणि त्यात चुकतातही. ब्रेडन पॉइंट डब्ल्यूएचएलच्या मूस जॉ संघाचा, २०१३-१४ मध्ये ७२ सामन्यांत ९१ गुण, तरी २०१४ ला ७९ वा गेला. उंची कमी आणि स्केटिंग बेताचं, अशी शंका होती. टॅम्पा बेने घेतल्यावर त्यांच्या स्केटिंग प्रशिक्षक बार्ब अंडरहिल, १९८४ च्या जोडीतल्या विश्वविजेत्या फिगर स्केटर, यांच्यासोबत त्याने पायांवर काम केलं. २०२० आणि २०२१ दोन्ही स्टॅनली कपच्या (एनएचएलच्या विजेतेपदाच्या) प्लेऑफमध्ये त्याचे १४-१४ गोल. तसाच लहान चणीचा जॉनी गॉड्रो २०११ मध्ये १०४ वा गेला होता.

इथे स्काउटने स्वतःला विचारायचा प्रश्न हा, की या मुलातली उणीव दुरुस्त होण्यातली आहे का. वाकण्याची पद्धत, पावलाची लांबी, पायांची ताकद हे सुधारतं. शॉटचा जोरही वाढतो. गर्दीत पक कुठे जाणार हे आधी ओळखणं सतराव्या वर्षानंतर फारसं वाढताना दिसत नाही. म्हणून मी स्केटिंगमध्ये अडखळणार्‍या पण खेळ वाचणार्‍या मुलाला वर ठेवतो आणि उलट्याला खाली.

मात्र लहान चणीच्या मुलाबाबत एक पडताळणी हवीच: तो गोलसमोरच्या जागेत जातो का? कडेकडेने फिरून गुण गोळा करणारा छोटा खेळाडू मोठ्यांच्या हॉकीत अडतो. त्याचे शॉट रिंकच्या आकृतीवर ठिपक्यांनी मांडा. ठिपके बोर्डाजवळ साचले असतील तर सावध राहा.

मिसिसागाकर

गोलींबद्दल कुणी लिहील का? घरोघरी तोच प्रश्न.

क्रीझमध्ये

गोलीची पारख सगळ्यात अवघड. पुढे एनएचएलमध्ये नाव काढलेले हे गोली बघा, ड्राफ्टमध्ये कितवे गेले: हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा, पेक्का रिन्ने २००४ मध्ये २५८ वा, कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा. हेलेबक तर टेक्सासमधल्या ओडेसाच्या ज्युनिअर संघात होता, तिकडे फार कमी लोक बघायला जायचे.

सेव्ह टक्केवारी (अडवलेल्या शॉटचं प्रमाण) ज्युनिअरमध्ये किती फसवी असते बघा. .९१० आणि .९०० यांच्यात १००० शॉटमागे १० गोलांचा फरक. दिवसाला ३० शॉट धरले तर ते सुमारे ३३ सामने, म्हणजे पहिल्या गोलीचा निम्म्याहून मोठा हंगाम. आणि १००० शॉटमध्ये निव्वळ नशिबाने होणारा चढउतारही साधारण साडेनऊ गोलांचा असतो. म्हणजे अर्ध्या हंगामावरून दोन गोलींत डावं-उजवं करणं आकड्यांनी शक्यच नाही.

मग बघायचं काय? शॉट सुटण्याआधी तो थांबून स्थिर झाला होता का. सरकत असताना अडवलेला शॉट हा अडवला म्हणून चांगला ठरत नाही. रिबाउंड (अडवून उसळलेला पक) कोपर्‍यात जातो की पुन्हा मधोमध. गर्दीत पक दिसत नसताना डोकं बाजूला काढून शोधतो, की आधीच गुडघ्यावर बसतो. खांबाला टेकून बसण्याची पद्धत जमते, पण तिथून उठून दुसर्‍या बाजूला ढकलताना पहिला पाय कुठे रोवतो. गोल खाल्ल्यानंतरच्या पुढच्या तीन शॉटला तो क्रीझच्या (गोलसमोर आखलेल्या जागेच्या) किती बाहेर उभा आहे: घाबरलेला गोली मागे मागे जातो आणि वरचे कोपरे उघडे पडतात. वॉर्म-अपमध्ये काचेमागे उभं राहून हे सगळं जवळून दिसतं.

गोली विशीनंतरही घडत राहतो. सतराव्या वर्षी 'नाही' ठरवलेला गोली यादीतून खोडू नका, दरवर्षी पुन्हा बघा.

स्वरा_आर

हे फक्त गोलींना लागू नाही. सरेचा अर्शदीप बैन्स एनएचएल ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. २०२१-२२ मध्ये रेड डिअरकडून ६८ सामन्यांत ११२ गुण, डब्ल्यूएचएलमध्ये सर्वाधिक, आणि मग व्हॅन्कूव्हर कनक्सने करार केला. वीस वर्षांच्या खेळाडूचे गुण बघताना समोर सतरा वर्षांची मुलं असतात, ही वजाबाकी करायची. पण केल्यावरही शिल्लक राहत असेल तर घ्यायचा.

मिसिसागाकर

पालकांनी काय करावं, एवढं सांगा. पैसे भरून शोकेसला (स्काउटना दाखवण्यासाठीच्या सामन्यांना) पाठवायचं का? आणि सीएचएलमध्ये गेलं की अमेरिकन कॉलेज बंद, हे अजून खरं आहे का?

निळी_रेषा

दुसर्‍या प्रश्नाचं आधी. ते आता खरं नाही. अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्या डिव्हिजन १ ने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलमध्ये खेळलेला मुलगाही कॉलेज हॉकीला पात्र ठरतो. वर उल्लेख आलेला मॅकेनाच मेडिसिन हॅट सोडून पेन स्टेटला गेला. पंधराव्या वर्षीच 'सीएचएल की कॉलेज' हा कायमचा निर्णय घ्यावा लागायचा, तो ताण बराच उतरला. मात्र एनएचएलचा करार केला की कॉलेज बंद. कागद सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा.

शोकेसबद्दल: वरच्या स्तरावरच्या लीगमध्ये खेळणार्‍या मुलाला संघांचे स्काउट त्याच्या नेहमीच्या सामन्यातच बघतात, आणि त्यासाठी संघ पालकांकडून पैसे घेत नाही. कुणी पैसे घेऊन 'नाव यादीत घालतो' म्हणत असेल तर दूर राहावं. तेच पैसे स्केटिंगच्या चांगल्या शिक्षकाला द्यावेत. सामना संपल्यावर स्काउटला गाठून मुलाची तारीफ करू नये, हेही कळकळीने सांगतो. त्याला काही विचारायचं असेल तर तो प्रशिक्षकाला विचारतो. मुलगा घराबाहेर राहत असेल तर तो ज्यांच्याकडे राहतो त्या बिलेट कुटुंबाला विचारतो: वेळेवर उठतो का, जेवल्यावर ताट उचलतो का, हरल्यावर कसा वागतो.

हॅमिल्टनचा_बाळ्या

रिपोर्ट दिसतो कसा, एक नमुना टाका ना कुणीतरी.

तिसरी_जोडी

टाकतो. काल्पनिक आहे, पण मांडणी अशीच असते. संघागणिक मोजपट्टी बदलते, मी १ ते ९ धरलीय, ५ म्हणजे त्या लीगचा सरासरी खेळाडू.

उजव्या हाताचा बचावपटू, नंबर १४, जन्म ऑक्टोबर. बाहेरचा सामना, सलग दुसरी रात्र.
स्केटिंग ५: मागे जाताना उत्तम, डावीकडे वळताना पाय उलगडतो, दुरुस्त होण्यासारखं.
पक आणणं ७: ११ प्रसंग, ७ वेळा ताब्यासह बाहेर, २ फेकले, २ गमावले. गमावलेले दोन्ही तिसर्‍या पीरियडमध्ये, थकल्यावर मागे बघणं थांबलं.
अंतर राखणं ६: निळ्या रेषेवर उभा राहतो, मागे मागे जात नाही. दोनदा मधून हरला, दोन्ही वेळा डावीकडे.
शॉट ४: पक वर येतो पण उशिरा सुटतो, २ शॉट समोरच्याच्या पायावर.
झुंज ६.
अंदाज: दुसरी-तिसरी जोडी, पेनल्टी किल (आपला खेळाडू शिक्षेवर असतानाचा बचाव). पाय भरले तर वर.
काय बघायला मिळालं नाही: पॉवर प्ले दिला नाही. त्यांच्या पहिल्या ओळीसमोर जेमतेम चार शिफ्ट. पुढच्या वेळी घरच्या सामन्यात, तगड्या संघाविरुद्ध बघणे.

पाटीपेन्सिल

शेवटचा रकाना बहुतेक रिपोर्टांत नसतोच, आणि निवडीच्या बैठकीत त्यावरूनच वाद होतात. एक भर: ऑक्टोबरच्या पुढे वर्षही लिहा. या ड्राफ्टचा की पुढच्या, ते तिथेच ठरतं.

तिसरी_जोडी

बरोबर, ते हवंच. नमुन्यात २००८ धरा, म्हणजे २०२७ चा ड्राफ्ट.